परवचा ते प्रश्नसंच : शालान्त गणिताच्या तयारीचा इतिहास

महाराष्ट्रात शालान्त परीक्षेच्या गणिताची तयारी करून घेण्याचे काम आज शाळेचे जादा तास, खासगी वर्ग, घरची शिकवणी आणि बाजारात मिळणारे प्रश्नसंच यांत वाटले गेलेले आहे, आणि हे सारे इतके अंगवळणी पडले आहे की ते पूर्वापार असेच चालत आले असावे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ही व्यवस्था दीड शतकाहून थोड्या अधिक काळात, टप्प्याटप्प्याने आणि बऱ्याचदा कोणाच्याही योजनेवाचून घडत गेली. गणित शिकवण्याची परंपरा या प्रदेशात कितीतरी जुनी आहे; परंतु ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळात, अनोळखी परीक्षकासाठी उत्तरपत्रिका लिहायची आणि तिच्यावर पुढील आयुष्याची वाट ठरायची, ही गोष्ट नवी आहे, आणि त्या प्रसंगासाठी मुलाला तयार करणे हे कामही तितकेच नवे आहे. या कामाचा इतिहास पाहू लागले की एक बाब पुन्हा पुन्हा समोर येते : प्रश्नपत्रिकेने जे मागितले तेच मदत करणाऱ्याने दिले, आणि प्रश्नपत्रिका बदलली की मदतीचे रूपही बदलले.

परीक्षेच्या आधीच्या काळातील गणित समजून घेतल्याशिवाय हा बदल लक्षात येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलखातील गणिताचे शिक्षण मुख्यतः पंतोजींच्या शाळांत होत असे. पंतोजी म्हणजे गावातील पालकांकडून धान्य, पैसा किंवा सणावाराची बिदागी घेऊन, एखाद्याच्या ओसरीवर किंवा देवळात मुलांना शिकवणारा शिक्षक. मुले धुळपाटीवर म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर अंक गिरवीत, मोडी अक्षर वळवीत, आणि संध्याकाळी एका सुरात परवचा म्हणत. परवचा म्हणजे दिवसभरात व त्यापूर्वी शिकलेल्या पाढ्यांची सामूहिक उजळणी. पाढे केवळ पूर्ण संख्यांचे नसत. पावकी, निमकी आणि पाऊणकी हे अनुक्रमे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे होते; त्यांच्या पुढे सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे येत. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, तसेच मण, शेर, छटाक अशी मापे असलेल्या बाजारात या अपूर्णांकांच्या पाढ्यांना रोजचा उपयोग होता, आणि ते तोंडपाठ असलेला मुलगा कागद न घेता व्याजाचा किंवा धान्याच्या किमतीचा हिशेब सांगू शकत असे.

या पद्धतीवर पुढे घोकंपट्टीचा शिक्का बसला आणि तो पुष्कळ अंशी योग्यही होता, कारण पाढा का तसा येतो हे कोणी समजावून सांगत नसे आणि मुलांना मारही पुष्कळ पडत असे. तरीही तिच्यातील एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. तिथे सगळी मुले एकाच आवाजात म्हणत असत, त्यामुळे अडखळणारा मुलगा इतरांच्या सुरावर तरून जाई आणि रोजच्या पुनरावृत्तीत त्याचे कच्चे पाढे पक्के होत. मागे पडलेल्या मुलासाठी वेगळी शिकवणी ठेवावी लागत नसे, कारण उजळणी हीच सर्वांची शिकवणी होती. अर्थात ‘सर्वांची’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. या ओसरीवर ब्राह्मण, प्रभू, वाणी आणि काही सुस्थितीतील घरांतील मुलगेच बहुधा बसत. मुलींना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना तिथे प्रवेशच नव्हता. गणिताच्या भीतीपूर्वी गणिताची बंदी होती, आणि ही बंदी पुढच्या काळात परीक्षेच्या रूपाने काही अंशी मोडली गेली, हे परीक्षापद्धतीचे दोष मोजताना विसरता येत नाही.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असताना देशी भाषांतून शालेय पुस्तके तयार करण्याचे काम सुरू झाले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या अभियंत्याने शास्त्रीमंडळींच्या मदतीने इंग्रजी गणिताची मराठी रूपांतरे १८२० च्या दशकात सिद्ध केली, आणि पाठांतराच्या गणिताशेजारी लेखी रीतीचे गणित प्रथमच छापील स्वरूपात मराठी मुलांसमोर आले. रीत म्हणजे उदाहरण सोडवण्याचा पायरीपायरीने लिहिलेला क्रम. पुढील पिढीत बाळशास्त्री जांभेकर यांनी एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवले आणि कलनशास्त्रासारख्या उच्च विषयावर मराठीत लिहिण्यापर्यंत मजल मारली. १८४६ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आतच, त्यांचे निधन झाले. हा आरंभ तसाच पुढे चालला असता तर शालान्त गणिताची भाषा मराठीच राहिली असती असे मानायला जागा आहे, परंतु विद्यापीठाच्या स्थापनेने वाट वळली.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजेच मॅट्रिक्युलेशन, १८५९ मध्ये झाली. सव्वाशेहून अधिक उमेदवारांतून उत्तीर्ण झालेल्यांची संख्या दोन डझनांपर्यंतही पोहोचली नाही. त्या थोड्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. एवढ्या कडक निकालाने समाजाला एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवली, ती म्हणजे ही परीक्षा केवळ शाळेत बसून पार होणारी नाही. मॅट्रिकचे गणित अंकगणित, बीजगणित आणि भूमिती असे तिहेरी होते आणि ते इंग्रजीतून लिहावे लागे. अंकगणिताची ओळख मुलांना होती, पण पावकी-निमकीच्या तोंडी हिशेबाला तिथे गुण नव्हते. पायऱ्या मांडून दाखवाव्या लागत. बीजगणित पुष्कळांना पूर्ण नवे होते. भूमिती तर युक्लिडच्या ग्रंथाच्या क्रमाने, त्याच्याच प्रमेयांच्या क्रमांकांसह शिकवली जाई, आणि प्रमेय पाठ असले तरी त्यावर आधारित नवे उदाहरण विचारले जाई. या उदाहरणांना ‘रायडर’ म्हणत, आणि जुन्या मॅट्रिकवाल्यांच्या बोलण्यात हा शब्द शेवटपर्यंत टिकून राहिला.

रायडरने मदतीच्या कामात एक भेद निर्माण केला. प्रमेय पाठ करून घेणे हे काम थोरला भाऊ किंवा शेजारचा मॅट्रिक झालेला मुलगाही करू शकत होता, पण आकृतीत कोणती रेषा वाढवावी आणि कोणते दोन त्रिकोण पाहावेत हे सुचायला शिकवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यासाठी स्वतः भूमितीत रमलेला शिक्षक लागे, आणि असे शिक्षक मुंबई-पुण्यातील मोजक्या हायस्कुलांत एकवटलेले होते. त्यामुळे कोकणातून आणि देशावरून मुले शहराकडे आली, कोणाच्या ओसरीवर राहिली, वार लावून जेवली, म्हणजे आठवड्याच्या सात दिवशी सात घरी अन्न घेऊन शिकली, आणि त्या बदल्यात यजमानांच्या मुलांचे गणित घेऊ लागली. मराठी शहरांतील खासगी शिकवणीचे एक मूळ या देवघेवीत आहे. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला अन्न आणि छप्पर मिळे, घरच्या मुलाला पाढे आणि रीती मिळत, आणि पैशाचा व्यवहार फारसा होत नसे.

मराठी सहावी-सातवीच्या सरकारी परीक्षाही या काळात गावोगावच्या मुलांसाठी तितक्याच निर्णायक होत्या, कारण त्यांच्या आधारावर शाळामास्तरची किंवा कारकुनाची नोकरी मिळे आणि त्यांतील अंकगणित मराठीत असूनही चांगलेच कसाचे असे. धोंडो केशव कर्वे १८७५ मध्ये मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला अशाच परीक्षेसाठी गेले, तेव्हा ते वयाने लहान दिसतात या कारणावरून त्यांना बसू दिले गेले नाही. परीक्षेची केंद्रे किती विरळ होती आणि तिथपर्यंत पोहोचणे हाच तयारीचा केवढा मोठा भाग होता, हे या एका घटनेतून दिसते.

पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि मॅट्रिकच्या तयारीला एक वेगळेच वळण मिळाले, कारण इथे पदवीधर तरुणांनी अल्प वेतनावर शाळेत शिकवणे हे सार्वजनिक कार्य मानले. बाळ गंगाधर टिळक या शाळेत आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. ते स्वतः केरो लक्ष्मण छत्रे यांचे विद्यार्थी होते, आणि उदाहरण फळ्यावर सविस्तर मांडण्यापेक्षा तोंडी सोडवण्याकडे त्यांचा ओढा होता, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. तेजस्वी विद्यार्थ्यांना ही पद्धत मानवत असावी, पण मध्यम मुलाला पायरी दिसणे आवश्यक असते. ती पायरी दाखवण्याचे काम त्याच शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाने केले. गोपाळ कृष्ण गोखले १८८५ च्या सुमारास शाळेत रुजू झाले आणि सहकारी शिक्षक ना. ज. बापट यांच्या साह्याने त्यांनी शालेय अंकगणिताचे पुस्तक तयार केले. ते पुढे मॅकमिलन कंपनीने प्रकाशित केले, हिंदुस्थानभर शाळांत लागले, त्याची देशी भाषांत रूपांतरे झाली, आणि त्याचे मानधन हा गोखल्यांच्या सार्वजनिक जीवनातील उत्पन्नाचा एक नियमित आधार ठरला.

गोखल्यांचे राजकारण, भारत सेवक समाज आणि कायदेमंडळातील अर्थसंकल्पावरची भाषणे यांविषयी विपुल लिहिले गेले आहे, पण या अंकगणिताकडे चरित्रकार बहुधा एका वाक्यात पाहून पुढे जातात, हे त्या पुस्तकावर अन्यायाचे आहे. तोपर्यंत मॅट्रिकचा मुलगा बार्नार्ड स्मिथ किंवा टॉडहंटर यांच्यासारख्या इंग्रज लेखकांची पुस्तके वापरीत असे, ज्यांतील नाणी, मापे आणि व्यवहार इंग्लंडचे असत. पौंड, शिलिंग आणि पेन्स यांच्या उदाहरणांत अडखळणाऱ्या मुलाचे गणित कच्चे आहे की त्याला प्रश्नातील जगच परके आहे, हे ओळखणे कठीण होते. वर्गात रोज मुलांच्या चुका पाहणाऱ्या शिक्षकाने इथल्या शाळांसाठी, सोपे ते अवघड अशा चढत्या क्रमाने उदाहरणे रचली की घरी एकट्याने बसून सराव करणे शक्य होते. शिक्षक दूर असलेल्या मुलापर्यंत वर्गातील शिस्त पोहोचवणारे साधन म्हणून शालेय गणिताच्या पुस्तकाची जी परंपरा महाराष्ट्रात पुढे वाढली, तिच्या अग्रभागी हे पुस्तक ठेवावे लागते.

टिळक १८९० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागी १८९१ मध्ये कर्वे आले. गोखल्यांशी असलेली त्यांची महाविद्यालयीन मैत्री या निवडीमागे होती. त्यापूर्वी मुंबईत असताना कर्वे एकाहून अधिक शाळांत शिकवून शिवाय खासगी शिकवण्या करीत, आणि त्या मिळकतीतून घरखर्चाबरोबर नात्यागोत्यातील व गावाकडील मुलांच्या शिक्षणालाही हातभार लावीत. त्यांच्या आधाराने शिकलेल्यांत मामेभाऊ रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे होते, जे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर म्हणजे पहिल्या क्रमांकाचे मानकरी झाले आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. ‘रँग्लर’ ही पदवी त्यानंतर मराठी घरांत गणिताच्या गौरवाची खूण बनली. हुशार मुलाला गणितात पुढे रेटण्याची मध्यमवर्गीय हौस त्या काळापासून वाढली असे म्हणता येते.

याच कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा शिक्षणाचे माध्यम मराठी ठेवले आणि मुंबई विद्यापीठात अनिवार्य असलेले गणित आपल्या विद्यापीठात महाविद्यालयीन पातळीवर ऐच्छिक केले. तेवीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाचा हा निर्णय होता, म्हणून त्याचे वजन मोठे आहे. उशिरा शिक्षणाला लागलेल्या, विधवा किंवा संसारी स्त्रियांना इंग्रजी आणि गणित या दोन दारांत अडकून पडावे लागू नये हा त्यामागील विचार सहृदय होता यात शंका नाही. तरीही त्याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे : मुलींना गणित झेपत नाही, त्यांना त्याची गरजही नाही, या आधीच रूढ असलेल्या समजुतीला त्यातून आधार मिळाला, आणि पुढील कित्येक दशके मुलींच्या गणिताच्या तयारीवर घरांतून खर्च करणे अनावश्यक मानले गेले. दार मोकळे करावे की दारातून जाण्याचे बळ द्यावे, असा हा पेच होता, आणि तो कर्व्यांच्या काळाबरोबर संपला नाही.

दरम्यान गणिताचा आशयही सरकत होता. १९०३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने युक्लिडच्याच क्रमाने सिद्धता मांडण्याचा आग्रह सोडला, हॉल आणि स्टीव्हन्स यांची नवी शालेय भूमिती त्याच सुमारास आली, आणि वसाहतीतील शाळांतही हळूहळू मोजमाप, रचना आणि आकृती यांना स्थान मिळाले. मुंबई इलाख्यात पुढील दशकांत मातृभाषेतून उत्तरे लिहिण्याची मुभा विषयागणिक वाढत गेली आणि गणितासाठी मराठी परिभाषा रुळली. ‘पक्ष’ म्हणजे दिलेली माहिती, ‘साध्य’ म्हणजे जे सिद्ध करायचे ते, त्यानंतर ‘रचना’ आणि ‘सिद्धता’, असा प्रमेय लिहिण्याचा साचा पुढे मराठी शाळेच्या फळ्यावर कायमचा बसला. मराठी भाषकांचा सगळा प्रदेश मात्र एका परीक्षेखाली नव्हता. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर मराठवाड्यातील मुलांना घरी मराठी बोलून शाळेत त्रिकोणाला मुसल्लस आणि कोनाला ज़ाविया म्हणत भूमिती शिकावी लागे, आणि १९४८ नंतर त्यांच्या शिक्षकांना तेच गणित नव्या परिभाषेत पुन्हा बसवावे लागले. विदर्भाची परीक्षाव्यवस्था मध्य प्रांताशी जोडलेली होती. मुंबई राज्यात १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकऐवजी स्वतंत्र मंडळाची माध्यमिक शालान्त परीक्षा, म्हणजे एसएससी, सुरू झाली. लोकांच्या तोंडी ती पुढेही बराच काळ मॅट्रिकच राहिली.

नाणेपद्धतीतील बदल या इतिहासात सहसा मोजला जात नाही, पण त्याचा परिणाम खोल आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक मापे आली, आणि सोळा व बारा यांच्या भागांवर उभे असलेले तोंडी हिशेबाचे सगळे शास्त्र एका पिढीत निरुपयोगी झाले. पावकी-निमकी शाळेतून गेली, ते योग्यच झाले. पण आजोबांना नातवाचे गणित घेता येत होते ती सोयही तिच्याबरोबर गेली. घरातील वडीलधाऱ्यांकडे असलेले अंकगणित आणि शाळेतील अंकगणित यांचा सांधा सुटला, आणि सुटलेल्या सांध्याच्या जागी बाहेरच्या मदतीची गरज उभी राहिली.

ही गरज १९७० च्या दशकात एकदम वाढली. १ जानेवारी १९६६ पासून महाराष्ट्राच्या सर्व विभागांसाठी एकच राज्य मंडळ काम करू लागले होते आणि १९६७ मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले होते. त्यानंतर दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, अकरावीची जुनी मॅट्रिक मागे पडली, आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. जुन्या व्यवस्थेत बीजगणित व भूमिती टाळून केवळ अंकगणितावर शालान्त पार करण्याची वाट अनेकांना उपलब्ध होती. नव्या दहावीत बीजगणित आणि भूमिती सर्वांनाच करणे भाग पडले आणि दोन्ही मिळून गणिताला दीडशे गुण मिळाले. त्यातच संचाची कल्पना, वेन आकृत्या आणि नवी चिन्हे अभ्यासक्रमात आली, जी कित्येक शिक्षकांनी स्वतःच्या शाळेत कधी पाहिलीही नव्हती. पालक हतबल, शिक्षक नवखा आणि विषय अनिवार्य, अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमून आल्या, आणि खासगी वर्गांच्या वाढीचे कारण शोधायचे तर ते पालकांच्या हव्यासापेक्षा या संयोगात आधी शोधले पाहिजे.

मार्गदर्शक पुस्तके तोवर आलेलीच होती. १९५९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या नवनीत प्रकाशनाची ‘गाईड’ आणि पुढे ‘एकवीस अपेक्षित’ या नावाने ओळखला गेलेला प्रश्नसंच महाराष्ट्रातील दहावीच्या घरांत पाठ्यपुस्तकाइतकाच परिचित झाला. अपेक्षित म्हणजे परीक्षेत येण्याची शक्यता अधिक असलेले प्रश्न, आणि प्रश्नपत्रिका पाठ्यपुस्तकातील उदाहरणांवरच रचली जात होती तोवर अशी निवड करणे तर्कशुद्धही होते. या साहित्याची सरसकट निंदा करणे शिक्षणाविषयी लिहिणाऱ्यांत रूढ आहे. पण ज्या गावात गणिताचा शिक्षक वर्षाच्या मध्यावर बदलून जातो आणि जागा रिकामी राहते, तिथे सोडवून दाखवलेली रीत हाच मुलाचा शिक्षक असतो. दोष निर्माण होतो तो वेगळ्या ठिकाणी. सोडवलेले उदाहरण वाचणे आणि स्वतः सोडवणे यांतील अंतर मुलाला एकट्याने कळत नाही, वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते, आणि परीक्षेत आकडे बदलले की तोच मुलगा पहिल्या पायरीवर थांबतो. गोखल्यांच्या पुस्तकात सराव करावा लागे, गाईडमध्ये तो झाल्याचा भास होऊ शकतो.

विभागीय मंडळे गुणवत्ता यादी प्रसिद्ध करीत, त्या काळात ‘बोर्डात येणे’ हे कुटुंबाच्या प्रतिष्ठेचे माप झाले आणि गणितातील दीडशेपैकी दीडशे हा त्या यादीचा पाया होता, कारण भाषेच्या विषयात पूर्ण गुण मिळत नसत. साहजिकच मदतीचा ओघ वरच्या टोकाकडे वळला. खासगी वर्गांच्या जाहिरातींत यादीतील मुलांची छायाचित्रे छापून येऊ लागली, लातूरसारख्या शहरात सराव परीक्षांची अखंड मालिका लावणारी शिस्त एका ‘पॅटर्न’चे नाव घेऊन राज्यभर गाजली, आणि शिकवण्यांचा व्यवसाय जिल्ह्याच्या ठिकाणांहून तालुक्यांपर्यंत उतरला. यादी पुढे बंद करण्यात आली, तो निर्णय उशिरा का होईना योग्य होता. त्या सगळ्या काळात उत्तीर्ण होण्यापुरत्या पस्तीस टक्क्यांच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाची छायाचित्रे कोठेही छापली गेली नाहीत, आणि त्याला मदत करणाऱ्यांची नोंदही झाली नाही.

ही नोंद न झालेली मदत म्हणजे जादा तास. शाळा भरण्यापूर्वी सकाळी, दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत, पूर्वपरीक्षेनंतरच्या आठवड्यांत, ग्रामीण महाराष्ट्रातील गणिताच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे जे तास विनामोबदला घेतले, त्यांचा कोणत्याही अहवालात हिशेब नाही. अनेक शाळांत दहावीची मुले रात्री शाळेतच अभ्यासाला थांबत आणि एखादा शिक्षक आळीपाळीने त्यांच्यासोबत राही. घरी वीज नसलेल्या मुलासाठी रात्र अभ्यासिकेतील तो दिवा हीच मोठी मदत होती. या तासांत शिक्षक काय करीत असे, हे मंडळाच्या जुन्या विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे : भौमितिक रचना आधी पक्क्या करून घ्यायच्या, कारण त्यांत कंपास आणि पट्टी नीट चालली की गुण हमखास पडतात, मग आलेख, मग ठरावीक प्रमेये पक्ष-साध्यासह, उत्तर येवो न येवो, सूत्र लिहायचे आणि किमती भरायच्या, कारण पायरीला गुण असतात. याला कोणी गणित शिकवणे म्हणणार नाही, असे वरवर वाटते. परंतु सातवीपासून गणितात मागे राहिलेल्या मुलाला जानेवारी आणि मार्चच्या मधल्या काळात पस्तीसपर्यंत नेणे हे कौशल्याचे काम आहे, आणि त्यात अनेकदा त्या मुलाला आयुष्यात प्रथमच एखादे उदाहरण पूर्ण सुटल्याचा अनुभव येतो.

ज्यांचा पाय इथेही घसरला त्यांच्यासाठी ‘ऑक्टोबरची वारी’ होती, म्हणजे नापास झालेल्या विषयाची ऑक्टोबरमधली फेरपरीक्षा; २०१५ पासून ती जुलैमध्ये घेतली जाऊ लागली, जेणेकरून मुलाचे वर्ष फुकट जाऊ नये. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म होता आणि आहे. हा अर्ज भरून शाळेत न जाता बहिःस्थ विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येते. लग्नानंतर शिक्षण तुटलेल्या स्त्रिया, कारखान्यांतील कामगार, बढतीसाठी दहावी हवी असलेले पोलीस, शिपाई यांसारखे नोकरदार यांनी या अर्जाचा आधार घेतला, आणि त्यांच्यातील कित्येकांना अडवणारा विषय गणितच होता. मुंबईच्या रात्रशाळांत दिवसभर काम करून आलेली मुले संध्याकाळच्या दोन-अडीच तासांत सगळे विषय शिकतात. त्यात गणिताला रोज एखादी तासिका येते आणि घरी सराव करायला वेळ उरत नाही, म्हणून रात्रशाळेतील शिक्षकाला समजावणे आणि सराव ही दोन्ही कामे त्याच तासिकेत बसवावी लागतात.

बालभारतीने २०१८ मध्ये दहावीची नवी पुस्तके आणली आणि त्यांच्याबरोबर प्रश्नपत्रिकेची घडणही बदलली. गणित भाग एक आणि भाग दोन यांच्या प्रत्येकी चाळीस गुणांच्या, दोन तासांच्या स्वतंत्र पत्रिका आणि वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन अशी शंभराची विभागणी झाली. पुस्तकात अर्थनियोजन हे प्रकरण आले, ज्यात वस्तू व सेवा कर आणि शेअर यांचे हिशेब आहेत, म्हणजे बाजारातील चालू व्यवहाराला बऱ्याच काळाने पुन्हा शालान्त गणितात मानाची जागा मिळाली. पत्रिकेत ‘कृती पूर्ण करा’ असे प्रश्न येतात, ज्यांत सोडवणुकीच्या पायऱ्या छापलेल्या असून मधल्या चौकटी भरायच्या असतात. काठावरच्या मुलाला त्यांचा मोठा आधार झाला आहे, कारण कोऱ्या कागदावर पहिली पायरी कोणती लिहायची या प्रश्नापाशीच तो अडत असे. उलट शेवटच्या प्रश्नांत पुस्तकाबाहेरचे, विचार करायला लावणारे उदाहरण असते, आणि तिथे अपेक्षित प्रश्नांचा संच कामी येत नाही. रायडरच्या काळातील मागणी एका कोपऱ्यात का होईना परत आली आहे, आणि ती पुरी करू शकणारे शिक्षक आजही सर्वत्र सारखे उपलब्ध नाहीत.

कोविडच्या साथीमुळे २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली, नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लावण्यात आला, आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा लेखी झाली तेव्हा अभ्यासक्रम पाव हिश्शाने कमी केलेला होता, केंद्रे मुलांच्या स्वतःच्या शाळांत होती, आणि दीड-दोन वर्षे लिहिण्याचा सराव तुटला हे ओळखून चाळीस गुणांच्या पत्रिकेला पंधरा मिनिटे वाढवून दिली होती. त्या वर्षी शिक्षकांनी जानेवारीत जे जादा तास सुरू केले, त्यांत अनेक ठिकाणी दहावीच्या प्रकरणांआधी अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्यांची चिन्हे आणि तीसपर्यंतचे पाढे पुन्हा घ्यावे लागले.